ट्रेलरवरचा जनरेटर गरम होऊन बंद पडला आणि परत सुरूच होईना: एका दूध संस्थेतलं प्रकरण

गावाचं, संस्थेचं आणि जनरेटर भाड्याने देणाऱ्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी तालुक्याच्या ठिकाणी डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि पंपांची कामं करतो, हा सेट माझा नव्हता, संस्थेच्या सचिवांचा फोन आला म्हणून गेलो. बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय.

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातलं गाव, मे महिन्याचा शेवट. संध्याकाळी वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला आणि 11 केव्हीच्या लाईनचे पोल आडवे झाले. वायरमन म्हणाला दोन दिवस तरी धरून चाला. दूध संस्थेकडे 5000 लिटरचा बल्क कूलर, म्हणजे दूध गार ठेवायची मोठी टाकी आहे, सकाळ-संध्याकाळ संकलन होतं आणि एक दिवसाआड टँकर येऊन दूध घेऊन जातो. संस्थेचा स्वतःचा छोटा जनरेटर आहे पण त्याचं अल्टरनेटर वाइंडिंगला गेलेलं, म्हणजे नेमका नको त्या वेळेला. मग सचिवांनी, गाव त्यांना आण्णा म्हणतं, रात्रीच तालुक्यातून ट्रेलरवरचा 62.5 केव्हीएचा सायलेंट सेट भाड्याने मागवला. ट्रॅक्टरला जोडून आणला, मधला बराचसा रस्ता उकरलेला, खडी पसरलेली. सोबत एक ऑपरेटर पोरगा, विशीतला, कामाला चांगला पण त्याला चालू-बंद आणि डिझेल भरणं एवढंच शिकवलेलं.

ट्रेलर लावला कूलरच्या खोलीची भिंत आणि कंपाउंड यांच्या मधल्या बोळात, कारण तिथून केबल पुरत होती. वर परत पाऊस येईल म्हणून ताडपत्री ओढली. रात्रभर सेट मस्त चालला. कूलरचे दोन कॉम्प्रेसर, अजिटेटर (दूध ढवळणारा पंखा), थोडे लाईट, सगळं मिळून 14-15 किलोवॅट. 62.5 केव्हीए म्हणजे साधारण 50 किलोवॅट, त्या सेटला हे काहीच नाही.

सकाळी मात्र सरपंच आले. गावात पाणी नाही, विहिरीवरची 25 एचपीची मोटर बंद, आणि इथे एवढा मोठा जनरेटर उभा. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, मे महिन्यात गावाला पाणी लागतंच. मोटर जोडली, ग्रामपंचायतीचं ऑफिस जोडलं, कोणीतरी पिठाची चक्कीपण घातली त्याच्यात. लोड गेला 36 किलोवॅटच्या आसपास.

काय झालं

दुपारी साडेबाराला सेट अचानक बंद. पॅनेलवर हाय वॉटर टेम्परेचर, आकडा 101. बंद झाल्यावर आकडा खाली यायच्या ऐवजी अजून वर गेला, 106 पर्यंत, आणि हे बघून पोरगा घाबरला. खरं तर यात नवल काही नाही. इंजिन लोडवरच झटकन थांबलं की वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) थांबते, पंखा थांबतो, पण हेड आणि ब्लॉकमधली उष्णता तिथेच असते आणि ती पाण्यात उतरत राहते. म्हणूनच सेट बंद करायच्या आधी चार-पाच मिनिटं लोड काढून मोकळा चालवायचा असतो, इथे ट्रिपने ती संधीच दिली नाही.

पोराने स्टार्ट दाबलं, काहीच नाही. पॅनेल लॉकआउटला होतं, अलार्म रिसेट केल्याशिवाय ते सेल्फला सप्लाय देणारच नाही. कोणीतरी फोनवरून रिसेट सांगितलं, मग सेल्फ फिरला पण जड फिरला, इंजिन घेईना. परत मारला, अजून जड. असं पाच-सहा वेळा करून शेवटी नुसती खट खट. मी पोचलो तेव्हा बोळात पंधरा-वीस माणसं आणि प्रत्येकाकडे एक उपाय.

कूलरमध्ये त्यावेळी 3600 लिटर दूध, तापमान साडेपाच डिग्री.

आण्णांचा पहिला प्रश्न, "मेस्त्री, किती वेळ लागंल?" मी म्हटलं, आधी सांगा टाकीचं झाकण कितींदा उघडलं. तर दर दहा मिनिटाला कोणीतरी हात घालून बघत होतं! ते पहिलं बंद केलं. कूलरची टाकी इन्सुलेटेड असते, एवढं दूध भरलेलं असेल आणि झाकण लावलेलं असेल तर तापमान फार हळू चढतं. म्हणजे आपल्याकडे दोन-तीन तास आहेत, मिनिटं नाहीत. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो, कारण घाई गेली की पुढचे वेडेवाकडे उपाय आपोआप मागे पडतात. आण्णांना एक वही दिली, दर पंधरा मिनिटांनी डिस्प्लेवरचा आकडा लिहा म्हटलं. (अजिटेटर बंद असल्यामुळे तो आकडा सेन्सरजवळच्या दुधाचा, पूर्ण टाकीचा नाही, पण कल बघायला पुरतो.)

समोर असलेले पर्याय

पोराचा उपाय होता सेन्सरची वायर काढायची. "मालक म्हणतात गडबड असली तर वायर काढ, चालतंय." काही सेटवर चालतं हे खरं आहे, स्विच टाईप सेन्सर असेल आणि वायर काढली की पॅनेलला गरमी कळतच नाही. पण मग थांबवणारं कोणी राहत नाही. पाणी उकळून कमी झालेलं इंजिन तसंच लोडवर चालवलं तर हेड वाकतं, गॅस्केट उडतं, वेळ आली तर पिस्टन धरतो. दुधाचं नुकसान वाचवायला गेलो असतो आणि इंजिनचं काम अंगावर आलं असतं, ते पण दुसऱ्याच्या इंजिनचं. हे सरळ नाही म्हटलं.

दुसरा उपाय, रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओतायचं. एक गृहस्थ बादली घेऊन तयारच होते, त्यांना दोघांनी धरून बाजूला नेलं. रेडिएटरमध्ये एक बारच्या आसपास प्रेशर असतं, त्या प्रेशरला पाणी 120 डिग्रीच्या जवळ गेल्यावर उकळतं. झाकण फिरवलं की प्रेशर सुटतं आणि 105 डिग्रीचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. शिवाय तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी म्हणजे तडा जायची भीती.

तिसरा, दुसरा सेट मागवायचा. फोन केला, वादळामुळे सगळ्यांचे सेट बाहेर, लवकरात लवकर रात्री आठ.

चौथा, जिल्ह्याच्या शीतकेंद्राला सांगून टँकर आजच बोलवायचा. त्यांनी पाच वाजता पाठवतो म्हटलं, पण जादा फेरीचे पैसे संस्थेवर. आण्णा घुटमळले, सेट चालू झाला तर पैसे फुकट जातील म्हणून. मी म्हटलं सांगून ठेवा. हा खर्च विम्यासारखा धरायचा, कारण चारला कळलं की सेट होत नाही तर तेव्हा टँकर नऊला येणार आणि त्यात संध्याकाळचं संकलन पण सुरू होणार. त्यांनी सांगितलं.

पाचवा, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंप करून लगेच सुरू करायचा. हा पुढे वापरलाच, पण आधी नाही. गरम का झाला हे न बघता सुरू केला असता तर पंधरा मिनिटात परत तिथेच आलो असतो, आणि दुसऱ्यांदा गरम झालेलं इंजिन पहिल्यासारखं राहील याची खात्री नाही.

शोध कसा लागला

चेंजओव्हर (लाईन आणि जनरेटरमधला बदलायचा स्विच) ऑफ, सगळे एमसीबी खाली, इमर्जन्सी स्टॉप दाबला आणि बॅटरीची निगेटिव्ह काढली. पट्ट्यात हात घालायच्या आधी हे करायचंच, आजूबाजूला एवढे उत्साही लोक असताना तर नक्कीच. पण निगेटिव्ह काढायच्या आधी पॅनेलचा इव्हेंट लॉग बघून घेतला, आणि खरी गोष्ट तिथे सापडली.

सगळे म्हणत होते दोन बिघाड आहेत, एक गरम होतोय आणि दुसरा बॅटरी गेली. सरपंचांना वाटत होतं मोटर जोडली म्हणून ओव्हरलोड झाला आणि सगळे त्यांच्याकडे बघतायत. ओव्हरलोड नव्हता. या सेटचा फुल लोड करंट 87 अँपिअर, बंद पडताना तो 60 च्या घरात होता. आणि लॉगमध्ये टेम्परेचरच्या कितीतरी आधी, सकाळपासूनच, एक वॉर्निंग परत परत आलेली होती: चार्ज फेल. पोराला विचारलं तर म्हणाला, "हा, ते पिवळं येतंय, म्यूट केलं की जातंय."

आता चार्जिंगचा डायनामो कशावर फिरतो? फॅनबेल्टवर. आणि या इंजिनला पंखा आणि वॉटर बॉडी कशावर? त्याच फॅनबेल्टवर. पट्टा घसरायला लागला की बॅटरी चार्ज होत नाही, पाणी फिरत नाही, हवा ओढली जात नाही, तिन्ही एकदम. फरक इतकाच की चार्जिंगची तक्रार पॅनेल लगेच करतं आणि गरमीची तक्रार यायला लोड आणि ऊन लागतं. रात्री हवा गार, लोड 15 किलोवॅट, त्यामुळे अर्धवट फिरणारं पाणी पण पुरलं. दुपारी बाहेर 41 डिग्री आणि लोड अडीच पट, तिथे नाही पुरलं.

दार उघडलं तर कॅनोपीत (सेटभोवतीच्या पत्र्याच्या पेटीत) आतल्या पत्र्यावर रबराची काळी पूड बसलेली, पट्ट्याची कड चकचकीत. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण 10-12 मिलीमीटर आत जायला हवा, हा बोटाच्या दोन पेरांएवढा जात होता. डायनामोच्या पट्टीचा, म्हणजे टेन्शन धरणाऱ्या स्लॉटचा, बोल्ट हाताने फिरला. खडीच्या रस्त्याने ट्रेलर आदळत आला त्यात ढिला झाला असणार, किंवा आधीपासूनच अर्धवट आवळलेला असेल, ते आता कळायला मार्ग नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर अर्धंच काम झालं असतं. रेडिएटर बाहेरून बघितला, जाळी स्वच्छ. पोरगा म्हणाला, "परवाच धुतलाय मेस्त्री." खोटं बोलत नव्हता. पण जनरेटरचा पंखा बहुतेक वेळा गाडीसारखा हवा आत ओढत नाही, तो इंजिनकडून हवा बाहेर ढकलतो. म्हणजे कचरा अडकतो जाळीच्या आतल्या तोंडाला, पंखा आणि रेडिएटरच्या मधे, जिथे कोणी बघत नाही. पंख्याच्या कव्हरमधून टॉर्च मारला तर आतून कडब्याची कुट्टी आणि धूळ यांचा थर, ऑईलच्या वाफेने चिकटून त्याचं नमद्यासारखं कापड झालेलं. बाहेरून पाणी मारून त्याला काही होत नाही असं नाही, पण नळाच्या पाईपने वरवर मारलं तर तो जागचा हलत नाही.

आणि तिसरं, गरम हवा बाहेर पडायचं तोंड भिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर, वर ताडपत्री. ती हवा भिंतीला आपटून ताडपत्रीखालून परत इनटेकच्या जाळीत. म्हणजे बाहेर 41 असलं तरी इंजिनला मिळणारी हवा त्याच्यापेक्षा बरीच गरम.

काय केलं

तासभर गार होऊ दिलं. वरचा होज हाताने धरता येईपर्यंत झाकणाला हात लावला नाही, मग जाड फडकं टाकून पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवलं, उरलेलं प्रेशर जाऊ दिलं, मग काढलं. पाणी बरंच खाली होतं. डिपस्टिक काढून बघितली, ऑईल ताकासारखं झालंय का ते, नव्हतं. तरी सुद्धा सेल्फ मारायच्या आधी क्रँकच्या पुलीला सॉकेट लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. गॅस्केट गेलं असेल आणि सिलेंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर सेल्फच्या झटक्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन मोकळं फिरलं तेव्हा मला जरा हायसं वाटलं, पोराने आधी सहा वेळा सेल्फ मारलेला असल्यामुळे फारशी भीती नव्हती पण मी ही पायरी सोडत नाही.

पट्टा आवळला. पट्टा बदलण्यासारखाच होता पण जोडीला स्पेअर नव्हता. इथे दुसरा निर्णयाचा मुद्दा आला, मालकाचा माणूस पट्टा घेऊन येईपर्यंत थांबायचं की चकाकलेल्या पट्ट्यावर चालवायचं. चालवायचं ठरवलं पण फक्त कूलरवर, मोटर आणि चक्की बंद. सरपंचांना हे सांगणं सोपं नव्हतं. ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, "रात्री तरी द्या पाणी." रात्री देऊ म्हटलं, पट्टा आला तर.

पत्र्याच्या दुकानातून ब्लोअर आणून रेडिएटरची जाळी बाहेरून आत हवा मारून साफ केली, नमदा तुकड्या-तुकड्याने आतून हाताने काढला, फिन (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकणार नाहीत इतपत जपून. ट्रॅक्टर लावून ट्रेलर बोळातून काढला आणि गरम हवेचं तोंड मोकळ्या पटांगणाकडे करून उभा केला, चाकांना दगड लावले, अर्थिंगच्या तारा परत जोडल्या. केबल पंधरा फूट कमी पडली, ती गावातल्याच इलेक्ट्रिशियनने जोडबॉक्स लावून वाढवली. ताडपत्री काढली. पाऊस आला तर बघू, कॅनोपी पावसासाठीच असते.

पाण्याच्या बाबतीत, कूलंट कोणाकडे नव्हतं आणि बोअरचं पाणी इथलं इतकं क्षाराचं की बादलीला पांढरा थर बसतो. संस्थेच्या आरओचं पाणी भरलं. तात्पुरतं ठीक, नंतर कूलंट बदलून घ्या असं मालकाला फोनवर सांगितलं.

बॅटरी: उभ्या उभ्या 11.6 व्होल्ट, आणि पोराच्या सांगण्यावरून सेल्फ मारताना पॅनेलचा डिस्प्लेच विझत होता. एवढं व्होल्टेज पडलं की सेल्फ जड फिरतो हे एक, आणि डिझेल उघडणारा सॉलेनॉइड उचलतच नाही हे दुसरं, म्हणून इंजिन फिरूनही घेत नव्हतं. लोकांनी यावरून डिझेलमध्ये एअर आलीय असं निदान केलेलं, एकाने फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सोडायला पाना पण आणला होता. तिथे हात लावला असता तर खरोखरच एअर झाली असती. ट्रॅक्टरची बॅटरी 12 ची, सेटची पण 12 ची हे बघून घेतलं, मोठे सेट 24 व्होल्टचे असतात तिथे असं जोडायचं नाही. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्ह थेट इंजिनच्या बॉडीला. पहिल्याच सेल्फला घेतला.

सुरू झाल्यावर आधी बॅटरीवर मीटर धरला, 14 व्होल्ट, म्हणजे डायनामो चार्ज करतोय, म्हणजे पट्टा धरतोय. पाच मिनिटं मोकळा चालवला, पाणी खाली गेलं तेवढं परत भरलं, मग एक कॉम्प्रेसर, दहा मिनिटांनी दुसरा. तापमान 84 वर जाऊन तिथेच राहिलं.

निकाल

तीन वाजून दहा मिनिटांनी कूलर परत सुरू. आण्णांच्या वहीत सगळ्यात वरचा आकडा 6.4. टँकर साडेपाचला आला, शीतकेंद्राच्या माणसाने उकळून बघायची टेस्ट घेतली, दूध फुटलं नाही, पूर्ण 3600 लिटर गेलं. टँकर मोकळा परत पाठवण्यापेक्षा दूध दिलेलं बरं झालं कारण संध्याकाळच्या संकलनाला टाकी रिकामी मिळाली.

नवीन पट्टा रात्री नऊला आला. बदलून अर्धा तास चालवून परत टेन्शन बघितलं, नवीन पट्टा पहिल्या तासात थोडा ताणतोच. मग विहिरीची मोटर दिली, रात्री साडेदहा ते पहाटे, तापमान 88 च्या वर गेलं नाही. चक्की नाही दिली. लाईट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली.

मागे वळून बघताना

पट्टा, कचरा आणि जागा, यातलं एकच कारण असतं तर कदाचित सेट ट्रिप झाला नसता. मी तिन्हींमध्ये पट्ट्याला पहिला धरतो कारण त्याने सकाळीच आवाज दिला होता. तिथे खरी गफलत पोराची नाही, त्याला सेट देताना पिवळ्या वॉर्निंगचा अर्थ कोणी सांगितलाच नाही. लाल आला तर सेट स्वतः थांबतो, पिवळा आला तर माणसाने थांबून बघायचं, एवढं एक वाक्य त्याला सांगितलं असतं तर नऊ-दहा वाजताच पट्टा आवळून झाला असता, तो पण इंजिन गरम व्हायच्या आधी.

ट्रेलरच्या सेटला एक गोष्ट वेगळी, ती जागेवरच्या सेटला नसते. तो प्रत्येक वेळी रस्त्याने आदळत येतो. म्हणून जागेवर लावल्यावर, सुरू करायच्या आधी, पट्टा, बॅटरीची टर्मिनल, होजचे क्लिप आणि अर्थिंग एकदा हाताने हलवून बघायचं. जास्त वेळ जात नाही. आण्णांनी सेट घेताना डिझेलचा काटा बघितला आणि सही केली, तिथेच चार्जिंगचं व्होल्टेज पण लिहून घेता आलं असतं.

मोटर जोडण्याबद्दल गावात अजून वाद आहे. माझं मत, जोडणं चूक नव्हतं, दुपारच्या उन्हात जोडलेली ठेवणं चूक होतं. पाण्याची टाकी रात्री भरली तरी गावाला सकाळी पाणी मिळतं, दुधाचं तसं नाही, ते सकाळी येतं तेव्हाच गार करावं लागतं. लोड वाढवायच्या आधी कोणीतरी पॅनेलसमोर अर्धा तास बसून तापमान कुठे स्थिर होतंय ते बघायला हवं होतं, आणि 95 ला लोड कमी करायचा, आधी चक्की मग मोटर, हे लिहून भिंतीला लावायला हवं होतं.

टँकरच्या जादा फेरीचे पैसे कोणी द्यायचे यावर संस्था आणि मालक यांचं बरेच दिवस चाललं. मालकाचं म्हणणं सेट तुम्ही बोळात कोंबला, संस्थेचं म्हणणं पट्टा तुमचा. शेवटी मालकाने एका दिवसाचं भाडं सोडलं, फेरीचे पैसे संस्थेने भरले. आता संस्थेच्या भाडेकरारात स्पेअर पट्टा आणि कूलंटचा कॅन सेटसोबत आलाच पाहिजे अशी ओळ आहे, आणि सेट कुठे उभा करायचा ते मालकाच्या माणसाने सांगायचं, अशी दुसरी.